ज्याने तागा उघडला

टेम्पो दाराशी थांबायच्या आधीच धाकट्याचा आवाज घरात पोचला.

"आले, आले! चिमणे, दाराच्या दोन्ही फळ्या उघड! दादा, तुझी स्टुलं उचल आधी! आई, खुर्ची मागे घे, पायावर पडेल काहीतरी!"

दोन हमाल लाल मखमलीचा पहिला तागा खांद्यावर घेऊन आत शिरले. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि शिवणघरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. धाकट्याला नेमकं तेच हवं होतं. ज्या दिवशी घरात चालता येत नाही त्या दिवशी धंदा बरा चाललाय, अशी त्याची साधी समजूत होती, आणि असा दिवस या घराने बऱ्याच काळात पाहिला नव्हता. नाटकांचे पडदे शिवणारं हे घर अलीकडे खिडक्यांचे पडदे शिवून दिवस काढत होतं. कारण उघड होतं. घरात कापड बेतणारी एकच, थोरली सून, आणि तिचंच अंग तिच्यावर उलटलेलं.

"नव्या नाट्यगृहाचा दर्शनी पडदा!" धाकट्याने दोन्ही हात पसरून जाहीर केलं. "त्या व्यवस्थापकाला म्हटलं, असा पडदा शिवणारं दुसरं घर दाखवा, मी धंदा सोडतो!"

"वहिनीला विचारलंस?" थोरल्याने विचारलं. थोरला पडदे टांगायचं काम करतो, दोरखंड आणि कप्प्या त्याच्या ताब्यात. उंचावर काम करणारी माणसं बोलायला मोजकी असतात, त्यातलाच तो.

"विचारायचं काय त्यात? वहिनी बऱ्या झाल्या, त्याची ही भेट!"

"बरी झाली असं कोण म्हणालं?"

"अरे, परवा जिना चढताना गाणं म्हणत होत्या! मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. सुरात नव्हतं, पण गाणं होतं."

धाकट्याच्या प्रेमाची तऱ्हाच तशी. माणूस आजारातून उठला की लोक फुलं घेऊन येतात, याने कामाचा डोंगर आणला. पण त्याच्या तोंडावरचा आनंद इतका खरा होता की थोरल्याने पुढचं बोलणं गिळलं आणि स्टुलं उचलली.

तेवढ्यात ती आली. ओले केस, खांद्यावर टॉवेलची पिशवी. कोमट पाण्याच्या तलावात व्यायाम करून ती रोज याच सुमारास यायची. दारातच थांबली, ताग्यांकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं.

"भाऊजी, हे काय?"

"तुमचं आहे वहिनी. सगळं तुमचं!"

तिने पिशवी खाली टाकली, एका ताग्याचं टोक सोडवलं आणि मखमलीवरून हात फिरवला. खालच्या दिशेने फिरवला तेव्हा रंग उजळ झाला, वरच्या दिशेने फिरवला तेव्हा गडद. लव उत्तम होती. तिला हसू फुटलं, आणि लगेच डोळेही भरून आले, कारण वाईट दिवसांत तिला अंगावरची बाहीसुद्धा सहन होत नसे.

काय काय झालं होतं मधल्या काळात! आधी नुसतं दुखणं. मान, खांदे, कंबर, गुडघे, आज इथे तर उद्या तिथे. रात्रभर झोपूनही सकाळी रात्रभर ओझी वाहिल्यासारखं वाटायचं. मग डोक्यातलं धुकं. "ते दे ना, ते... कापायचं," असं म्हणत ती कात्रीचं नाव शोधत उभी राहायची. तपासण्यांवर तपासण्या झाल्या आणि प्रत्येक रिपोर्ट ठणठणीत निघाला. त्यामुळे नातेवाइकांची सोय झाली. मनाचे खेळ आहेत, म्हणाले. सासूबाई तर तोंडावर म्हणाल्या, "आम्हाला काय कधी दुखलं नाही?" शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिला निवांत बसवून सगळं ऐकून घेतलं, दाबून पाहिलं आणि नाव सांगितलं. फायब्रोमायल्जिया. दुखणं खरं आहे, म्हणाल्या. समूळ जाईल असं नाही, पण लगाम घालता येतो. रात्री एक लहानशी गोळी, झोपेची पक्की वेळ, रोज चालणं, आधी फक्त कोपऱ्यापर्यंत, पाण्यातला व्यायाम, आणि मनावरचा भार हलका करायला एक समुपदेशक. हे सगळं ती इमानाने करत आली होती, कंटाळा आला तरी, रडू आलं तरी. आणि त्या बाईंचं एक वाक्य तिने मनाशी घट्ट धरलं होतं: वाईट दिवस तुम्ही निभावताच, चांगला दिवस सांभाळायला शिका.

आजचा दिवस चांगला होता. नुसता चांगला नाही, चांगल्याच्याही वरचा. म्हणूनच तिला स्वतःचीच जरा धास्ती वाटली.

"मी कापणार," ती म्हणाली.

धाकट्याने टाळी वाजवली. मशीनवरून चिमणी उठून धावत आली. चिमणी म्हणजे तिची मुलगी, बापाच्या खांद्याला लागलेली, पण घरात नाव पडलं ते पडलं. "आई, खरंच? आज?"

"आजच. पण माझ्या पद्धतीने. ठरवलेत तेवढे पट्टे कापायचे, मग पडायचं. पडून झालं की पुन्हा थोडे. मी आत असेन तेव्हा चिमणी कापेल."

सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

खुर्चीतल्या सासूबाई अजून काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी सावकाश चष्मा काढला. "या घरात ज्याने तागा उघडला, त्यानेच तो संपवायचा, तोही त्याच दिवशी. नवीन नाही सांगत मी काही."

नवीन नव्हतंच. सासूबाईंच्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या भावाने एकच तागा आळीपाळीने कापला होता, आणि हात बदलताना एक पट्टा उलटा फिरला. टेबलावर कुणाच्या लक्षात आलं नाही. पडदा टांगला, दिवे लागले, आणि मधोमध एकच पट्टा काळाकुट्ट दिसायला लागला. अख्खं प्रेक्षागृह हसलं म्हणे. तेव्हापासून एक तागा, एक हात. आणि या नियमाला एक शेपूट होतं, ते कुणी मोठ्याने बोलत नसे: ज्याच्याकडून तागा अर्धा राहिला, त्याने पुन्हा तागा उघडायचा नाही. सासूबाईंच्या अंगठ्याचे सांधे गेले तेव्हा त्यांचा शेवटचा तागा अर्धाच राहिला होता. तो सुनेने संपवला. त्या दिवसापासून कात्री सुनेची झाली आणि खुर्ची सासूबाईंची.

"आजी, प्रत्येक पट्ट्याच्या पाठीवर खडूने बाण काढू ना," चिमणी म्हणाली. "लव कुठे जाते ते कळलं की झालं. उलटेल कसा?"

"बाण काढायला तुझ्या पणजोबांना काय खडू मिळत नव्हता?"

"सुचलं नसेल त्यांना!"

"बघा, बघा! आता पूर्वज बिनडोक!"

"मी काय म्हणतो," थोरल्याने तोंड उघडलं, आणि तो बोलतोय म्हटल्यावर सगळे वळले. "हिने कापूच नये. आता कुठे जरा बरं चाललंय. चिमणीचा हात आता तयार झालाय. सगळं तिनेच कापावं."

"अहो!" ती म्हणाली. "टेबलाच्या पायांखाली ठोकळे लावून ते उंच कुणी केलं? मला वाकावं लागू नये म्हणून तुम्हीच ना? कात्रीच्या मुठीला मऊ कापड कुणी गुंडाळलं? ते काय मी लांबून बघावं म्हणून?"

थोरल्याची चांगलीच पंचाईत झाली होती. बायकोला जपायचं म्हणजे काय, हे त्याला दोन्ही बाजूंनी पटत होतं.

"आई, वहिनींना सुरू तर करू दे," धाकटा मध्ये पडला. "आज त्यांचा फॉर्म बघ! एका दमात तागा संपवतील, नियमही राहील आणि कामही होईल. साप भी मरे..."

"भाऊजी, एका दमात नाही," ती म्हणाली.

"कापायचं तर नियमाने काप," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर कात्रीला हात लावू नकोस. मधेच ठेवलीस तर काय होतं ते तुला ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतं. तिने एका वाटीत मोजकी बटणं टाकली, वाटी टेबलाच्या कडेला ठेवली आणि ताग्याचा कागद टर्रकन फाडला.

त्यानंतर जे झालं ते बघायला हवं होतं. टेबलावर मखमल उलगडली, चिमणीने टेप धरली, खडूची रेघ पडली, आणि कात्री चालायला लागली. तो आवाज! कात्री तोंड न मिटता पुढे सरकते तेव्हा येणारा तो एकसारखा आवाज किती दिवसांनी घरात आला होता. पहिला पट्टा सुटला, चिमणीने पाठीवर बाण काढला, आईने वाटीतून एक बटण बाहेर ठेवलं. दुसरा सुटला. धाकटा प्रत्येक पट्ट्याला ओरडायचा, "क्या बात है!" हमाल चहा प्यायला म्हणून थांबले होते, ते चहा संपला तरी हलेनात. थोरला पट्टे घडी करून ठेवत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं.

तिच्या अंगात गाणं भिनल्यासारखं झालं होतं. खांदे मोकळे, मनगट मऊ, डोकं लख्ख. कुठे काही दुखत नव्हतं. आणि वाटीत पाहिलं तर वाटी रिकामी.

अजून एकच, मन म्हणालं. एक पट्टा. काय होतंय? असा दिवस पुन्हा कधी येईल? सगळे बघताहेत, सासूबाई बघताहेत, तागा निम्म्यावर आलाय, एवढा उरकला की कुणाची बोलायची छाती होणार नाही. तिने कात्री पुन्हा उघडली. पातं मखमलीला लागलंसुद्धा.

मग तिने ती मिटली आणि टेबलावर ठेवली.

"झालं माझं. मी पडते जरा. चिमणे, तू घे."

"वहिनी!" धाकटा किंचाळलाच. "आता? हात असा सुटलेला असताना?"

"दुखतंय का?" थोरला धावला. "बघ, मी म्हणत होतो..."

"नाही दुखत."

"मग?"

ती आत निघून गेली. बाहेर एकच गलका झाला. धाकटा म्हणाला, आता चिमणीनेच तागा संपवावा, निदान पुढचा हात तरी एक राहील. थोरला म्हणाला, तेच मी आधी म्हणत होतो. सकाळपासून एकमेकांशी वाद घालणारे दोघे भाऊ अचानक एका बाजूला आले. चिमणीने कात्री उचलली. तिचे कान लाल झाले होते, भीतीने की आनंदाने ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

सासूबाई काठी टेकत आतल्या खोलीकडे गेल्या. सून चटईवर पडून एकेक पाय हळूहळू ताणत होती.

"खरं सांग. दुखतंय?"

"नाही आई."

"चक्कर?"

"नाही."

"मग ऊठ की गं! हात चालतोय, तोंडावर रंग आहे, बाहेर तागा उघडा पडलाय. दुखत नाही म्हणून काम सोडणारं माणूस मी जन्मात पाहिलं नाही."

"मीही कुठे सोडत होते? शेवटचा मोठा पडदा आठवतो ना? एका दमात संपवला. सगळ्यांनी पाठ थोपटली. आणि मग अंगावर चादर सहन होईना. घास तुम्ही भरवत होतात."

सासूबाईंना आठवत होतं. भरवताना त्या बडबडत होत्या, तेही आठवत होतं.

"माझी आतली घंटा बिघडलीय, आई. जरा धक्का लागला तरी आग लागल्यासारखी वाजते. वाजायला लागल्यावर थांबून उपयोग नसतो. वाजायच्या आधी बसायचं, एवढंच माझ्या हातात आहे."

"आणि हे असं जन्मभर?"

"बहुतेक. पण अंथरुणात नाही, टेबलाशी." ती उठून बसली. "दुखण्याची आता फारशी भीती नाही वाटत. दुसरीच वाटते. मी इथे आहे आणि बाहेर चिमणी कापतेय. छान कापते. मी बाहेर गेले की सगळे म्हणतील, राहू दे आता, कशाला त्रास करून घेतेस. म्हणजे संपलंच. तुम्हालाही तसंच म्हणाले होते सगळे."

सासूबाईंनी काठी भिंतीला लावली आणि चटईच्या कडेला बसल्या. बसायला त्यांना वेळ लागला.

"प्रेमाने म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "म्हणून तर काही बोलता आलं नाही. रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते."

बाहेर चिमणीची कात्री चालत होती.

"हात काही पार गेले नव्हते गं माझे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा बारीक झालेला सुनेने कधी ऐकला नव्हता. "थोडं काही झालं असतं त्यांनी. पण थोडं करणाऱ्याला या घरात जागाच नव्हती. आणि तो नियम मीच सांगत बसले. इतकी वर्षं."

सुनेने त्यांचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी गाठ आलेली होती. त्या दोघींना एकमेकींचा हात धरायची सवय नव्हती, त्यामुळे दोघींनाही तो सोडावा कधी ते कळेना.

ठरल्या वेळी सून बाहेर आली. चिमणी ऐन रंगात होती. कपाळावर घाम, बाणांचे पट्टे एकावर एक नीट रचलेले. एकही उलटा नव्हता.

"दे," आई म्हणाली.

चिमणीने वर पाहिलं, पण कात्री सोडली नाही. "आई, थोडंच राहिलंय. एवढा संपवू दे ना. तू पड अजून."

"बरोबर बोलतेय ती," धाकटा म्हणाला. "लय लागलीय पोरीला. वहिनी, तुम्ही बसा, तुम्ही आज खूप केलंत. कमाल केलीत!"

"खरंच गं, राहू दे," थोरला मायेने म्हणाला. "कशाला त्रास करून घेतेस?"

तिचा हात पुढे होता, तो हळूहळू खाली आला. तिला एवढंच कळत होतं की आता आपण काही बोलायला गेलो तर रडू येईल, आणि रडलो तर सगळे म्हणतील, बघ, दमली. "बरं," ती म्हणणार होती. ओठ त्यासाठी उघडलेही होते.

"कात्री खाली ठेव!"

सासूबाई दारात उभ्या होत्या. काठी आतच राहिली होती.

"आजी, पण तूच म्हणालीस, एक तागा..."

"म्हणाले होते. चुकले होते. बाण काढलास ना तू? मग झालं! खडू आहे तिथे नियम कशाला?" त्या धाकट्याकडे वळल्या. "आणि तू! भेट दिलीस म्हणतोस, मग ती परत कशाला घेतोस? आणि तू रे थोरल्या, बायकोला जपतोस की गुंडाळून माळ्यावर ठेवतोस? ती काय जुना पडदा आहे?"

धाकटा दोन पावलं मागे सरकून ताग्यावरच बसला. थोरला मान खाली घालून, पण गालात हसत, टेबलाचे ठोकळे तपासायला लागला. चिमणीने कात्री मिटली, आणि मुठीची बाजू आईकडे करून पुढे धरली. "सॉरी आई. मला ना, सोडवेना."

"मला माहीत आहे गं," आई म्हणाली. "मलाही कुठे सोडवते?"

पुन्हा कात्री चालली. बाहेर उन्हं उतरली, हमाल केव्हाच गेले, धाकट्याला पुन्हा कंठ फुटला. ताग्याचा शेवट दिसायला लागला. शेवटच्या पट्ट्याची रेघ आखून झाली तेव्हा ती थांबली.

"आई, हा तुम्ही कापा."

"वेडी आहेस का? हे हात बघ."

"सगळा नाही. जमेल तेवढा. कड वाकडी झाली तर दुमडीत जाईल."

सासूबाई टेबलाशी आल्या. टेबल उंच होतं, त्यांनाही वाकावं लागलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी कात्री धरली, एका अंगठ्याचा भार दुसऱ्या हाताने उचलला आणि पातं रेघेवर ठेवलं. मखमल वीतभर कापली गेली. मग अजून वीतभर. कुणी श्वास घेत नव्हतं, धाकटासुद्धा. कड थोडी वाकडी आली होती. सासूबाईंचे डोळे चमकत होते.

मग त्यांनी आपणहून कात्री ठेवली.

"आजी, देऊ का संपवून?" चिमणीने विचारलं. "इतकुसाच राहिलाय."

"हात लावशील तर याद राख! कुणीही हात लावायचा नाही. सकाळी मी कापणार आहे." त्यांनी स्वतः चादर आणून अर्ध्या कापलेल्या पट्ट्यावर पांघरली आणि चारही कोपरे नीट दाबले. त्या घरात उघडलेला तागा रात्रभर तसाच राहण्याची ही पहिलीच वेळ होती. "आणि मला लवकर जेवायला वाढा रे कुणीतरी. मला वेळेवर झोपायला हवं. उद्या काम आहे मला."